एक प्रोजेक्टर, चव्वेचाळीस मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवणाऱ्या एका ताईंना वर्गासाठी एक प्रोजेक्टर, एक लॅपटॉप आणि स्पीकरची जोडी मिळाली आहे. वर्गात ४४ मुलं, तास ३५ मिनिटांचा, शाळा दुपारपाळीची आणि इंटरनेट म्हणजे स्वतःच्या फोनचा हॉटस्पॉट. त्या विचारतात: व्हिडिओ लावला की मुलं चिडीचूप बघतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर एकालाही नीट सांगता येत नाही, हे का होतं? आपल्या पुस्तकाला जुळणारं मराठी साहित्य फारसं सापडत नाही, तर हिंदी किंवा गुजराती व्हिडिओ दाखवावेत का? आणि एक देणगीदार दहा टॅब द्यायला तयार आहेत, घ्यावेत का?

ताई, पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जास्त लिहितो. बारा मिनिटांचा व्हिडिओ चालू असताना मुलाला स्वतःहून काहीच करावं लागत नाही. निवेदकाची वाक्यं सरळ पुढे जातात, चित्रं हलतात, आणि मुलाला वाटतं की आपल्याला समजलं. ते वाटणं खोटं नसतं, पण आठवून सांगायची वेळ त्याच्यावर एकदाही आलेली नसते. दुसऱ्या दिवशी तुम्ही विचारता ती पहिली वेळ. म्हणून एकच नियम पक्का धरा: पडद्यावर उत्तर दिसण्याआधी वर्गातल्या प्रत्येक मुलानं आपलं उत्तर देऊन टाकलेलं असलं पाहिजे. चूक असो की बरोबर, पण दिलेलं असलं पाहिजे. ज्यानं अंदाज बांधला आहे तो पडद्याकडे काहीतरी शोधत बघतो. ज्यानं बांधलेला नाही तो नुसताच बघतो. यंत्रसामग्री कशी लावायची, किती वेळ चालवायची, कधी बंद करायची, हे सगळं या नियमावरून ठरतं.

प्रत्येकानं उत्तर द्यायचं तर हात वर करून भागत नाही. हात वर करणारी आठ-दहा मुलं वर्ग चालवतात आणि बाकीची त्यांच्या मागे लपतात. साधा उपाय असा: प्रत्येक मुलाला एक ए-फोर कागद द्या, त्याच्या दोन घड्या घालून चार भाग करा आणि चार भागांवर अ, ब, क, ड असं जाड स्केचपेननं मोठं लिहून घ्या. प्रश्न विचारला की वीस सेकंद कुणी बोलायचं नाही, मग तुम्ही ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम आपलं अक्षर वर येईल अशी घडी करून छातीशी धरायची. छातीशी धरणं मुद्दाम आहे. डोक्यावर धरलं की मागचा बघून बदलतो. चार सेकंदांत तुम्हाला कळतं की वर्ग कुठे आहे.

फोन वापरायचा असेल तर प्लिकर्स नावाची सोय आहे. प्रत्येक मुलाकडे छापलेलं एक चौकोनी चित्राचं कार्ड असतं, कार्ड ज्या बाजूनं वर धरलं त्यावरून उत्तर ठरतं, आणि तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरं नोंदली जातात. साधा संच ४० कार्डांचा आहे, तुमची मुलं ४४, म्हणून ६३ कार्डांचा मोठा संच छापा. इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. कार्डं चकचकीत लॅमिनेट केली की ट्यूबलाइटची चमक पडते आणि कॅमेरा ती वाचत नाही. जाड पुठ्ठ्यावर साधी छपाई चिकटवलेली बरी. आणि मुलं कार्ड धरताना बोटं काळ्या आकृतीवर ठेवतात, मग तेवढीच चार-पाच उत्तरं कमी येतात. नावांच्या जागी हजेरी क्रमांक भरा. मुलांची नावं कुठल्याही बाहेरच्या अ‍ॅपमध्ये टाकायची गरज नाही, आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घेताना पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे हेही लक्षात असू द्या. माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष कागदाच्या घडीवरच काढा. नोंद राहत नाही हा तोटा आहे, पण ती कधी अडकत नाही.

उत्तरं दिसल्यावर काय करायचं, यासाठी हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरलेली पद्धत शाळेतही चांगली चालते. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर मुलांना चर्चा करायला लावू नका, आधी पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर न सांगता शेजाऱ्याला पटवायला सांगा आणि दोन मिनिटांनी पुन्हा कागद दाखवायला लावा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात खुलासा करून पुढे चला. तुमच्या वर्गात ३० टक्के म्हणजे साधारण १३ मुलं आणि ७० टक्के म्हणजे ३१. हे दोन आकडे लक्षात ठेवा, वर्गात टक्केवारी काढत बसायला वेळ नसतो.

आता एक तास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू. विषय विद्युत परिपथ. मुलांच्या डोक्यात इथे एक ठाम चूक असते: पहिला बल्ब वीज वापरून टाकतो, दुसऱ्याला उरलेली मिळते.

पहिली तीन मिनिटं जुने तीन प्रश्न, कालच्या, गेल्या आठवड्याच्या आणि गेल्या महिन्याच्या धड्यातला एकेक. वहीत उत्तरं, पडदा काळा. मग फळ्यावर खडूनं दोन सेल आणि एकसर, म्हणजे एकापुढे एक, जोडलेल्या दोन बल्बांचा परिपथ काढा आणि विचारा: अ) पहिला बल्ब जास्त उजळेल, ब) दुसरा जास्त उजळेल, क) दोन्ही सारखे, ड) एकही पेटणार नाही. कागद दाखवा. ‘अ’ची संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, ती शेवटी लागणार आहे.

त्यानंतर पडदा अजूनही काळाच ठेवून सामान वाटा. चार मुलांचा एक गट, म्हणजे ११ गट. प्रत्येक गटाला दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचे दोन बल्ब, दोन होल्डर आणि हातभर लांबीच्या वायरचे चार तुकडे. टोकांवरचं प्लॅस्टिक दोन-दोन सेंटिमीटर आदल्या दिवशीच सोलून ठेवा, वर्गात सोलायला घेतलं की दहा मिनिटं गेली. जास्तीचे पाच बल्ब जवळ ठेवा. आणि इथे खरा सापळा आहे. बल्ब सगळे एकाच खोक्यातले, एकाच व्होल्टेजचे आणि एकाच प्रवाहाचे घ्या. दुकानदार सुटे बल्ब देतो त्यात वेगवेगळ्या व्होल्टेजचे आणि वेगवेगळ्या प्रवाहाचे मिसळलेले असतात. असे दोन बल्ब एकसर जोडले की एक लख्ख पेटतो आणि दुसरा लालसर राहतो किंवा पेटतच नाही. मुलं एका सुरात म्हणतात, ‘बघा, पहिल्यानं वीज खाल्ली.’ प्रयोगानं चूक दुरुस्त होण्याऐवजी पक्की झाली. तरीही एखाद्या गटात असं झालंच तर दोन्ही बल्बांच्या जागा बदलायला सांगा. उजळ बल्ब आता दुसऱ्या जागी गेला आणि तरी उजळच राहिला, म्हणजे फरक जागेचा नव्हता, बल्बाचा होता. हे एवढं चांगलं आहे की नीट हाताळलं तर बिघाडच धडा होऊन बसतो.

बारा-तेरा मिनिटांनी सामान मधल्या बाकावर सरकवायला लावा आणि आता पडदा उजळा. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं परिपथाचं सिम्युलेशन उघडा. फेटची बरीच सिम्युलेशनं मराठीत आहेत आणि ती ब्राउझरमध्ये उघडणारी एकेकच फाइल असल्यामुळे घरून उतरवून आणली की वर्गात नेट लागत नाही. मुलांनी केला तोच परिपथ पडद्यावर जोडा. ९ व्होल्टची बॅटरी, दहा ओहमचा एक बल्ब: प्रवाह मोजणारा अमीटर ०.९० अँपिअर दाखवेल. दुसरा दहा ओहमचा बल्ब एकसर जोडला की ०.४५. आता अमीटर कुठे लावायचा ते मुलांना विचारा. बॅटरीनंतर, दोन बल्बांच्या मध्ये, दुसऱ्या बल्बानंतर, तिन्ही ठिकाणी. प्रत्येक वेळी आधी आकड्याचा अंदाज वहीत लिहायचा, मग अमीटर सरकवायचा. तिन्हीकडे ०.४५ येतं. टॉर्चच्या बल्बाच्या पोटात काय चाललंय ते हातातल्या प्रयोगात दिसत नाही, ते इथे दिसतं, आणि पडद्याची गरज इथेच आहे.

हे सिम्युलेशन उघडण्याआधी एक खूण बदला. त्यात वायरमधून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात, आणि इलेक्ट्रॉन ऋण टोकाकडून धन टोकाकडे जातात. पुस्तकातले विद्युतप्रवाहाचे बाण मात्र धन टोकाकडून ऋण टोकाकडे असतात. आठवीतली हुशार मुलगी हा विरोध लगेच पकडते, आणि मग तासाचा उरलेला वेळ त्यात जातो. बाजूच्या चौकटीत इलेक्ट्रॉनऐवजी रूढ प्रवाह दाखवायची निवड आहे, ती आधीच करून ठेवा. इलेक्ट्रॉनची गोष्ट पुढच्या तासाला स्वतंत्र सांगा.

शेवटी दोन्ही बल्ब समांतर जोडले तर बॅटरीजवळचा प्रवाह किती, एवढा एक प्रश्न. १.८० येईल. बहुतेक मुलं ०.४५ किंवा ०.९० म्हणतील. बॅटरी शॉर्ट केली तर पडद्यावर जाळ दिसतो, तोही दाखवा, कारण तो खऱ्या बॅटरीवर करून दाखवायचा नाही, मोबाइलच्या बॅटरीवर तर नाहीच नाही. मग पडदा काळा, पहिलाच प्रश्न पुन्हा विचारा, कागद दाखवा, आणि सुरुवातीच्या ‘अ’च्या संख्येशेजारी नवी संख्या लिहा. सगळा हिशेब केलात तर ३५ मिनिटांत पडदा जेमतेम दहा मिनिटं उजळलेला असतो.

‘पडदा काळा’ असं वारंवार म्हणतोय कारण चालू पडद्यासमोर मूल वहीत बघत नाही. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइड चालू असताना कीबोर्डवरची ‘बी’ कळ दाबली की पडदा काळा होतो, पुन्हा दाबली की परत येतो. बाकी कार्यक्रमांसाठी प्रोजेक्टरच्या रिमोटवर तात्पुरतं चित्र बंद करायचं बटण असतं. ते शोधून त्यावर लाल टिकली चिकटवा.

व्हिडिओबद्दल आता थोडक्यात सांगता येईल. बारा मिनिटांच्या व्हिडिओतली तुम्हाला खरी हवी असतात ती दोन किंवा तीन मिनिटं. आदल्या रात्री बघताना सुरुवात-शेवटाच्या वेळा वहीत लिहा. व्हीएलसी प्लेयरमध्ये चालवा, त्यात ‘ई’ कळ दाबली की चित्र एकेक चौकट पुढे सरकतं. बेडकाची जीभ, पडणारा चेंडू, फुटणारं बी, हे असं थांबवत दाखवण्याजोगं असतं. दोन व्हिडिओंच्या मध्ये यूट्यूबच्या जाहिराती आणि ‘पुढचा व्हिडिओ’ हे वर्गात नकोच. जे अधिकृतपणे उतरवता येतं तेच उतरवून पेन ड्राइव्हवर इयत्ता, विषय आणि धड्याच्या क्रमांकानं ठेवा. शालेय साहित्याच्या सरकारी दीक्षा अ‍ॅपमध्ये पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य उघडतं आणि बरंचसं फोनमध्ये साठवता येतं.

इथून तुमचा दुसरा प्रश्न सुरू होतो, आणि बडोद्याच्या मराठी शाळांसाठी तो फार खरा आहे. तुमचा अभ्यासक्रम गुजरातचा, माध्यम मराठी. नेटवर मराठीत जे सापडतं ते बहुतेक महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचं. तिथले धडे, त्यांचा क्रम, कधी इयत्तासुद्धा तुमच्या पुस्तकाशी जुळत नाही. म्हणून धड्याच्या नावानं शोधू नका, संकल्पनेच्या नावानं शोधा, आणि सापडलेला तुकडा आपल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर बसतो ते लिहून ठेवा. वर्षभरात अशी एक यादी तयार होते आणि पुढच्या वर्षी ती शेजारच्या शाळेच्या कामी येते.

हिंदी आणि गुजराती व्हिडिओ जरूर वापरा, पण आवाज बंद करून. चित्र त्यांचं, बोलणं तुमचं. कारण भाषा समजत नाही हे नाही. आपल्या मुलांना तिन्ही भाषा समजतात, रिक्षात गुजराती, टीव्हीवर हिंदी, घरात मराठी. अडचण नेमकी याच्या उलट आहे: शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ दुसराच असतो. ‘पेशी’ घ्या. मराठी विज्ञानात पेशी म्हणजे सजीवाचा सगळ्यात लहान घटक. गुजरातीत त्याला ‘कोष’ म्हणतात, आणि गुजरातीतली ‘पेशी’ म्हणजे आपली ऊती, पेशींचा समूह. हिंदीत तोच लहान घटक ‘कोशिका’, ऊतीला ‘ऊतक’, आणि ‘पेशी’ म्हणजे स्नायू. मुलानं गुजराती व्हिडिओ ऐकला, ‘पेशी कोषांची बनते’ हे वाक्य ऐकलं, आणि मराठी उत्तरपत्रिकेत तेच लिहिलं, तर त्याला सगळं समजलेलं असूनही गुण जातात. गणितात ‘वर्ग’ हिंदीत चौरसाची आकृती, मराठीत संख्येचा वर्ग. हिंदीत ‘भिन्न’ म्हणजे अपूर्णांक, मराठीत वेगळं. हिंदीचा ‘समकोण’ म्हणजे आपला काटकोन, पण मराठी मुलाला तो ऐकल्यावर ‘समान कोन’ वाटतो. हिंदीत ‘द्रव्यमान’, गुजरातीत ‘दळ’, मराठीत ‘वस्तुमान’. इथे गोंधळ कमी, कारण शब्दच वेगळे आहेत. धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांत आहे.

यासाठी फळ्याची डावी एक फूट रुंदीची पट्टी कायमची राखून ठेवा. तीन उभे रकाने: मराठी, गुजराती, हिंदी. धडा सुरू करताना त्या दिवशीचे चार-पाच शब्द तिथे लिहा, मुलांनी वहीच्या शेवटच्या पानांवर तसेच रकाने आखून उतरवायचे. गुजराती शब्द मुलांनाच विचारा, ते आनंदानं सांगतात. पुस्तकात जो मराठी शब्द छापलाय तोच पहिल्या रकान्यात, महाराष्ट्राच्या पुस्तकातला वेगळा असेल तर खाली छोट्या अक्षरात. पुढे नववी-दहावीनंतर ही मुलं गुजराती किंवा इंग्रजीत शिकतील तेव्हाही या पानांचा उपयोग होतो.

बडोद्याला ही चित्र एकाचं, बोलणं दुसऱ्याचं ही रीत नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० मध्ये ग्रंथालयांच्या कामासाठी अमेरिकेहून विल्यम बोर्डन आले, आणि पुढे त्या ग्रंथालय खात्याची दृश्य शिक्षणाची एक शाखाच होती. गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जात तसे जादूच्या कंदिलाचे खेळही जात. काचेवरच्या चित्राला आवाज नव्हता, ते समजावून सांगायला माणूस लागायचा. तुमचं काम आज तेच आहे.

सॉफ्टवेअरमधल्या आकड्यांकडेही बारीक लक्ष द्या. जिओजेब्रा या भूमितीच्या कार्यक्रमात त्रिकोणाचे शिरोबिंदू ओढत तिन्ही कोनांची बेरीज १८० राहते हे दाखवणं फार परिणामकारक आहे, पण आधी प्रत्येक मुलानं वहीत स्वतःचा त्रिकोण काढून कोनमापकानं मोजलेलं असावं. कुणाची बेरीज १७८ येईल, कुणाची १८१. ती फळ्यावर लिहा. मग पडदा. इथे सापळा असा की जिओजेब्रा प्रत्येक कोन दोन दशांश स्थळांपर्यंत पूर्णांकित करून दाखवतो. ३३.३३, ३३.३३ आणि ११३.३३ असे कोन दिसले की बेरीज होते १७९.९९, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘संगणकपण चुकला!’ घाबरू नका. हाच प्रश्न मुलांना द्या: पडद्याआड लपलेले आकडे कुठे गेले? मात्र तयारी नसताना हे घडू देऊ नका. तयारी नसेल तर शिरोबिंदू जाळीच्या ठिपक्यांवर अशा ठिकाणी ठेवा की काटकोन आणि ४५ अंशांचे कोन मिळतील. रचना मात्र पडद्यावर शिकवू नका. कंपास धरायला, टोक न सरकवता कंस मारायला हातच लागतो.

भूगोलाच्या शिक्षकांनाही एक सांगून ठेवा: नदीची नागमोडी वळणं शिकवायला परदेशी नदीचं चित्र कशाला? पावागडाच्या बाजूनं येणारी विश्वामित्री आपल्या शहरातून कशी वळत जाते ते गूगल अर्थवर घरून स्क्रीनशॉट काढून आणा. तीन चित्रं पुरतात: पूर्ण नदी, शहरातला तुकडा, एक वळण. मुलांनी आधी कागदावर आठवणीनं तिचा मार्ग काढायचा, मग बघायचं.

आता वर्गाची मांडणी. हे रटाळ वाटेल, पण निम्मे तास इथेच फुकट जातात. शेवटचा बाक पडद्यापासून २२ फुटांवर असेल तर चित्राची उंची त्याच्या सहाव्या हिश्शाएवढी तरी हवी, म्हणजे पावणेचार फुटांच्या आसपास. तेव्हा रुंदी जवळजवळ सहा फूट होते. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर, नाहीतर मागच्यांना पुढच्यांची डोकी दिसतात. साध्या प्रोजेक्टरला एवढ्या चित्रासाठी साधारण नऊ फूट अंतर लागतं. प्रोजेक्टर तिरपा ठेवून कीस्टोननं चित्र सरळ केलं की अक्षरं फुटतात, म्हणून तो मध्यावर आणि सरळ ठेवा. हिरव्या फळ्यावर चित्र मरतं, चकचकीत पांढऱ्या बोर्डावर मध्ये दिव्याचा डाग दिसतो. सगळ्यात चांगली म्हणजे मॅट पांढरा रंग दिलेली भिंत. पांढऱ्या बोर्डाचा एक उपयोग मात्र फार छान आहे: हृदयाची किंवा गुजरातच्या नकाशाची नुसती बाह्यरेषा बोर्डावर पाडा, मार्करनं गिरवा, मग प्रोजेक्टर बंद. आकृती अचूक राहते आणि पुढचं मुलांसमोर तुम्ही भरत जाता.

दुपारपाळीत पश्चिमेच्या खिडकीतून तीननंतर ऊन थेट भिंतीवर येतं. त्या एकाच खिडकीला जाड काळं कापड आणि पडद्याजवळच्या ट्यूबलाइटला स्वतंत्र स्विच एवढं करून घ्या. पूर्ण अंधार करू नका, मुलांना वही दिसली पाहिजे. प्रोजेक्टर ३००० लुमेनच्या खालचा असेल तर चित्र लहान ठेवा. दिव्याचं आयुष्य म्हणून जे तास छापलेले असतात त्याचा अर्थ तेवढ्या तासांनी उजेड निम्म्यावर येतो, म्हणून जुना प्रोजेक्टर ‘बिघडला’ असं वाटतं तेव्हा बहुधा दिवा थकलेला असतो किंवा जाळी धुळीनं भरलेली असते. महिन्यातून एकदा जाळी काढून मऊ ब्रशनं झाडा, मार्च-एप्रिलमध्ये पंधरा दिवसांनी. तास संपला की रिमोटनं बंद करा आणि पंखा थांबेपर्यंत मुख्य स्विचला हात लावू नका. शिपाईकाकांनाही हे समजावून सांगा, कारण शाळा बंद करताना स्विच तेच पाडतात.

वीज अचानक गेली तरी पंखा असाच मध्येच थांबतो आणि तापलेल्या दिव्याला धक्का बसतो, म्हणून यूपीएस हवा. हिशेब करून घ्या: प्रोजेक्टर २८० वॉट, लॅपटॉप ६५, स्पीकर २०, एकूण ३६५. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट देतो, तो ऐन वेळी बसतो. १००० व्हीएचा घ्या.

देवनागरीसाठी वेगळी काळजी लागते. ३६ पॉइंटपेक्षा लहान अक्षर नको, एका स्लाइडवर सहा ओळींपेक्षा जास्त नको. मागच्या बाकावर सगळ्यात आधी अनुस्वार नाहीसा होतो, मग रफार, मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘मंद’ आणि ‘मद’, ‘अंश’ आणि ‘अश’ यांत फरक उरत नाही. तास सुरू होण्याआधी एकदा शेवटच्या बाकावर जाऊन बसा आणि वाचून बघा. टंकलेखन युनिकोडमध्येच करा. ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो’सारखा फुकट मिळणारा फाँट चालतो. जुन्या डीटीपीच्या फाँटमध्ये केलेली स्लाइड दुसऱ्या संगणकावर उघडली की सगळं गिचमिड होतं. कुणाकडून साहित्य घेताना पीडीएफ मागा. हॉटस्पॉट जोडलात की विंडोजमध्ये ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवा, नाहीतर तासाच्या मध्यावर अपडेट सुरू होऊन तुमचा डेटा आणि वेळ दोन्ही जातात.

घरच्या अभ्यासासाठी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवू नका. बहुतेक घरात फोन एकच, तो वडिलांबरोबर रात्री घरी येतो. पाठवायचंच असेल तर एका मिनिटाचा आवाज किंवा फळ्याचा एक स्वच्छ फोटो. त्यावर सक्तीचा गृहपाठ आधारू नका, फोन नसलेलं मूल गप्प बसतं आणि मागे पडतं.

राहिला टॅबचा प्रश्न. दहा टॅब म्हणजे एका टॅबला चार-पाच मुलं. एक जण हातात धरतो, दुसरा शेजारून बोट लावतो, बाकीचे भिंतीकडे बघतात. शिवाय दहा चार्जर, दहा पासवर्ड, दहा अपडेट, आणि वर्षाच्या आत तीन काचा फुटलेल्या. संपूर्ण वर्गाच्या तासासाठी ते घेऊ नका. गणितात मागे पडलेल्या आठ-दहा मुलांचा शाळा सुटल्यावर अर्ध्या तासाचा गट चालणार असेल, आणि देणगीदार चार्जिंगचं कुलूपबंद कपाट आणि दोन वर्षांची दुरुस्तीही देणार असतील, तरच घ्या. नाहीतर त्यांना मोकळेपणानं सांगा की त्याच पैशांत आम्हाला हे हवं: १००० व्हीएचा एक यूपीएस, त्या वर्गाचं अर्थिंग तपासून तीन पिनांचे दोन नवे सॉकेट, भिंतीला मॅट पांढरा रंग, पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा, प्रोजेक्टरचा एक जास्तीचा दिवा, दहा मीटरच्या आतली एक चांगली एचडीएमआय केबल, मागच्या बाकांपर्यंत पोचेल असा २० वॉटचा स्पीकर, आणि विज्ञानाचे ११ संच. संचांत बल्ब एकाच खोक्यातले, हे त्यांच्या यादीत स्पष्ट लिहा.